कडू हात

त्या माणसाने काचेची बशी माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "हात लावू नका, नुसतं बघा." तळहाताएवढी बशी. आत खरवसासारखं पिवळट काहीतरी थिजलेलं, त्यावर साय धरावी तसा पांढुरका थर, आणि त्या थरावर सहा कागदी टिकल्या गोल मांडलेल्या. तो थर म्हणजे माझ्या मुलीच्या रक्तातले जंतू होते. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नंदकिशोर नावाच्या ह्या माणसाने ते पेरले होते आणि ते भरघोस उगवले होते. त्याच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर जांभळे डाग होते. पेन्सिलीचं टोक एकेका टिकलीवर नेत तो सांगत गेला. प्रत्येक टिकलीत एकेक औषध मुरवलंय. जे औषध जंतूला मारतं त्याच्याभोवती काही उगवत नाही, गोल मोकळी जागा राहते. दोन टिकल्यांभोवती तशी जागा होती, एकीभोवती तर चांगली रुपयाएवढी. मग पेन्सिल एका टिकलीपाशी थांबली. तिच्याभोवती काहीच मोकळं नव्हतं. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाला गवत भिडतं तसा तो थर टिकलीच्या कडेला येऊन भिडला होता. "हे क्लोरॅम्फेनिकॉल," तो म्हणाला. मला ते नाव सांगायची गरज नव्हती. चौदा वर्षं कंपनीत मी तेच औषध कॅप्सूलमध्ये भरत होतो.

मला राग आला तो आधी त्या टिकलीचाच. एवढीशी कागदाची टिकली, तिच्यात औषध असेल तरी किती. मी त्याला तसं म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, औषध पुरेपूर आहे, काल ह्याच डबीतली टिकली दुसऱ्या जंतूवर ठेवली तर सुपारीएवढी जागा झाली. मग म्हणाला, "औषधात खोट नाही, काका. हे जंतू त्याच्याबरोबर राहायला शिकलेत." शिकलेत म्हणे. मी बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो तेव्हा सगळ्या चाळीने कौतुक केलं होतं. ह्यांना कुणी शिकवलं, असं मी त्याला विचारणार होतो, पण त्याच्यामागे रक्ताच्या नळ्या हातात घेऊन दोन माणसं उभी होती. त्याने कागद माझ्या हातात दिला. त्यावर औषधांची नावं आणि नावांपुढे, लागू पडतं की नाही ते सांगणारं, एकेक इंग्रजी अक्षर. ती अक्षरं मला वाचता येत होती, बाटल्यांच्या लेबलांवरून शिकलो होतो. लोकलमध्ये बसून मी तो कागद चिंचवडपर्यंत उघडत आणि मिटत राहिलो.

वासंतीला ताप येऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. सन ऐंशीचा जुलै. ती वीस वर्षांची, माझी एकुलती एक, संध्याकाळी सरकारच्या प्रौढ वर्गात शिकवायची. तिचा पहिला विद्यार्थी मी. पाटी नव्हती म्हणून कंपनीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर तिने मला माझं नाव काढायला लावलं होतं. कोंडाजी. ताप आला तसा मी तिला डॉक्टर मृदुलाबाईंच्या दवाखान्यात नेलं. तरुण बाई, चिंचवड गावठाणात नवीनच पाटी लावलेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, टायफॉईड म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहिली. औषधाच्या दुकानातून बाटली हातात आली ती आमच्याच कंपनीची. लेबलावरचा घाण्याचा, म्हणजे बॅचचा, नंबर मी वाचला. आमच्या खात्यातला माल. बहुतेक माझ्याच फळीवर भरलेला. मी यशोदाला, माझ्या बायकोला, दारातूनच म्हणालो, काळजी करू नकोस, घरचंच औषध आहे. दर सहा तासांना मी स्वतः उठून कॅप्सूल देत होतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरायला हवा होता. मला ते इतकं पाठ होतं की तिसऱ्या दिवशी मी कामावरून येताना मोसंबी घेऊन आलो. ताप एकशेचार होता. पाचव्या दिवशी एकशेचार. सातव्या दिवशी ती मला ओळखत होती, पण मी कंपनीतून आलो की शाळेतून आलो असं विचारत होती. तिच्या कपाळावर हात ठेवला की हाताला चटका बसायचा आणि तो चटका माझ्या डोक्यात जायचा. आठव्या दिवशी शिफ्ट सुटताना नळावर मी साहेबरावची कॉलर धरली. साहेबराव पावडर तोलून देणारा, माझा चौदा वर्षांचा सोबती. मी म्हणालो, माल हलका देतोस, उरलेला बाहेर विकतोस, माझ्या पोरीच्या जिवावर उठलास. बाकीचे हात धुवायचे थांबले. साहेबरावने माझे हात झटकले नाहीत. तो म्हणाला, "कॉलर सोडा, कोंडाजीराव. माप तुमच्या म्होरं व्हतं, फळी तुमी घासता, दाबता बी तुमीच. अन् चोर मी व्हय?" मग हळूच म्हणाला, "पोरगी कशी हाय?" मी कॉलर सोडली, पण मनातून सोडली नाही. डॉक्टरबाईंनी एव्हाना वासंतीचं रक्त पुण्याला तपासायला धाडलं होतं. ती बशी पाहीपर्यंत साहेबराव माझ्या लेखी चोरच होता. बशी पाहिली आणि राग होता तेवढाच राहिला, त्याला धरायला कॉलर मात्र उरली नाही.

हा ताप मी लहानपणापासून ओळखतो. खेडच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथे त्याला मुदतीचा ताप म्हणत. एकवीस दिवस मोजायचे, बाविसाव्या दिवशी माणूस एक तर उठायचा नाही तर उचलावा लागायचा. माझा धाकटा भाऊ अर्जुन सतराव्या दिवशी गेला. जाताना त्याचं पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, त्याच्या पायाशी बसून माश्या हाकत होतो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. म्हणून पुढे पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहिले, मी त्या औषधाच्या कंपनीत हमाल म्हणून लागलो आणि सहासष्ट साली भरणी खात्यात घेतला गेलो, तेव्हा काय भरतोय ते कळल्यावर पहिले काही दिवस मी फळीला पाया पडून काम सुरू करायचो. भरणी म्हणजे सोपं काम. तीनशे भोकांची फळी, भोकात कॅप्सूलचे खालचे अर्धे, वरून पावडर ओतायची, पत्र्याच्या पट्टीने घासून सारखी करायची, टोपणं दाबायची. तोंडाला मलमलीचं फडकं. पण पावडर फडकं मानत नाही. ती मिशीत बसायची, नखात बसायची, दुपारी भाकरी मोडली की भाकरीला लागायची. आणि कडू. कडुनिंब परवडला. कारल्याचा कडूपणा जिभेवरून जातो तरी, हा घशात घर करून राहतो. पहिल्या वर्षी आम्ही थुंकत होतो. नंतर चव कळेनाशी झाली. भरणीतला माणूस पंगतीत ओळखू यायचा, तो जेवणात मीठ वाढवून घ्यायचा.

सदुसष्ट साली मला स्वतःलाच तो ताप आला. मी मेलो असं धरून यशोदाने माहेरी निरोप धाडला. कंपनीच्या दवाखान्यातून बाटली मिळाली आणि तिसऱ्या दिवशी घाम फुटून ताप उतरला. तिसऱ्या दिवशी. अर्जुन सतरा दिवस जळत होता आणि मी चौथ्या दिवशी भाकरी मागितली. पाचव्या दिवशी मी कामावर गेलो. बाटलीत अर्ध्यापेक्षा जास्त कॅप्सूल उरल्या होत्या. असलं अमृत उगाच कशाला गिळायचं. यशोदाने त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, देवाच्या फळीवर. तो डबा पुढे रिकामा झाला नाही. फुटका माल जाळायचा असा नियम होता, पण शनिवारी सुपरवायझर तोंड फिरवायचा आणि आम्ही मूठमूठ घेऊन यायचो. भरणीत असणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असा डबा होता. कुणाला हगवण लागली, कुणाचं पोर तापलं, की आमच्या दारात. शेजारची सोजराबाई तर डोकं दुखलं तरी यायची. मी दोन द्यायचो. फार तर चार. सगळ्यांना पुरायला हवं. आणि माणसं बरी व्हायची, दोनच दिवसांत, आणि आशीर्वाद द्यायची. गावात भावाच्या माश्या हाकणारा मी इथे लोकांना हाताने जीवदान देत होतो. खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज होता. वासंतीचं पोट बिघडलं की तिलाही दोन. बरी झाली की उरलेली परत डब्यात.

आणि लाडू. शनिवारी कंपनीच्या कँटीनमध्ये बुंदीचा लाडू मिळायचा. बाकीचे तिथेच खायचे, मी रुमालात बांधून आणायचो. वासंती चार वर्षांची असल्यापासून दारात हात पसरून उभी. मी लाडू हाताने मोडायचो, अर्धा तिला, अर्धा तिच्या आईला. एकदा ती तोंड वाकडं करून म्हणाली, बाबा, ह्याला एक कडू बाजू आहे. माझी बोटं जिथे दाबली जायची ती बाजू. मी म्हणालो, ती टाकून दे. तिने टाकली नाही. ती आधी कडू बाजू खायची आणि गोड मागे ठेवायची. तिची तीच रीत पडली. मोठी झाली, मॅट्रिक झाली, इतरांना शिकवायला लागली, तरी शनिवारी दारात येऊन हसत हात पुढे करायची. आजारी पडायच्या आधीच्या शनिवारीही तिने केला होता. मी कंपनीतून आलो होतो, हात नळावर नुसते ओले केले होते, आणि मी लाडू मोडला होता.

बशीत मोकळी जागा होती त्या औषधाची नवी पांढरी गोळी डॉक्टरबाईंनी सुरू केली. सल्फाच्या जातीची, असं त्या म्हणाल्या. चौदा दिवस, एकही गोळी चुकवायची नाही. मी दवाखान्यात उभा राहून भांडलो, की ही आधी का नाही दिली, अकरा दिवस पोरीला भाजत का ठेवलं.  त्या म्हणाल्या, सगळ्यांना तेच देतात आणि सगळे त्याने बरे होतात, आतापर्यंत होत होते. दक्षिणेत काही वर्षांपूर्वी असा टायफॉईड आल्याचं मी वाचलंय, आपल्या गल्लीत पहिल्यांदा बघतेय. नव्या गोळीचं नाव त्यांनी पुस्तकात पुन्हा काढून पाहिलं आणि त्यांना किती भीती वाटत होती ते मला तेव्हा कळलं. पुढे त्यांनी सांगितलं, की घरातल्या माणसांची शी तपासायची आहे. यशोदा लाजेने कोपऱ्यात तोंड करून बसली. मी म्हणालो, आजारी ती आहे, आम्ही धडधाकट आहोत. पण नेऊन दिली. एकदा. मग त्यांनी माझी पुन्हा मागितली. मग तिसऱ्यांदा, फक्त माझी.

नव्या गोळीच्या पाचव्या दिवशी वासंतीचा ताप नव्व्याण्णववर आला. ती उठून भिंतीला टेकली आणि ताक मागितलं. यशोदा रडली. मी रडलो नाही, कारण त्याच दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी मला एकट्याला बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक वासंतीचा, एक माझा. नावं तीच, नावांपुढची अक्षरं तीच, वरपासून खालपर्यंत. त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी टायफॉईड झाला होता का. सदुसष्ट साली. किती दिवस कॅप्सूल घेतल्या? चार. मग? मग ताप उतरला. उरलेल्या? डब्यात ठेवल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी सांगितलं, की काही माणसांच्या पित्ताच्या पिशवीत हे जंतू राहून जातात. दहा वर्षं, वीस वर्षं. माणसाला काही होत नाही. त्याच्या हातातून ते जातात.

"मग हे माझ्यातच शिकले?"

"तसं खात्रीने कुणीच सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तेरा वर्षं तुम्ही ते आत वागवलेत, आणि तेरा वर्षं रोज थोडं थोडं औषध तुमच्या पोटात गेलंय. मरायला पुरणार नाही, सवय व्हायला पुरेल, एवढं."

मी चालत घरी निघालो. आणि मला वाटलं, कुणाला तरी मारावं. रस्त्यावर मारायला कुणी नव्हतं. शिफ्टच्या बसेस जात होत्या. आत माणसं दांड्यांना धरून उभी, त्यांतल्या कुणाच्या खिशात पुडी असेल, घरी कुणीतरी हात पसरून उभं असेल. मी माझ्या हातांकडे बघत होतो. जाड, नखांच्या कडांना पिवळे पडलेले हात. ह्या हातांनी मी भावाच्या अंगावरच्या माश्या हाकल्या, फळीची पूजा केली, ह्या हातांनी अख्ख्या चाळीला दोन दोन दिल्या. ज्याने अर्जुनला मारलं त्याला मी तेरा वर्षं पोटात जागा दिली, वर औषधाचा खुराक लावला, आणि शनिवारी लाडवातून मुलीला वाढला. मी बोट चाटून बघितलं. चव कळली नाही. घरी आलो तेव्हा आधी तो डबा काढला. नाल्यात ओतणार होतो. नाल्याच्या काठाशी उभा राहिलो आणि डोक्यात आलं, हा नाला पवनेला जातो. आमच्या खात्यातल्या फळ्या धुतलेलं पाणीही इकडेच येतं. ह्या पाण्यातही ते कुठेतरी शिकत बसले असतील. डबा परत घेऊन आलो. त्याचं काय करायचं तेच मला कळेना. इतक्या वर्षांच्या मेहेरबानीला टाकायला जागा नव्हती. शेवटी त्यातल्या सगळ्या कॅप्सूल चुलीत घातल्या, कंपनीचा नियम होता तसा. धूर डोळ्यांत गेला. सोजराबाई दारात येऊन म्हणाली, "आता माझ्या नातवाला हगवण लागली तर मी कुठं जायचं? स्वतःच्या पोरीला नवी गोळी, अन् आमाला न्हाई व्हय?" तिचं खोटं नव्हतं. मी तिला डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. ती थुंकली आणि गेली.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली होती, की मला भरणीत ठेवू नये आणि खात्यातल्या सगळ्यांची तपासणी व्हावी. सतरा जण होतो. चिठ्ठी घेऊन मी कंपनीच्या कामगार अधिकाऱ्यासमोर उभा राहिलो. त्याने ती वाचली, दार लावून घेतलं, फोन केला, मला बसायला सांगितलं. चौदा वर्षांत त्या खोलीत मला कुणी बस म्हटलं नव्हतं. तो फार गोड बोलला. गेटवर हलकं काम देऊ, पगारात फरक नाही, पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन करायचं तर कंपनी बघेल. बाकीच्यांच्या तपासणीचं विचारलं तर म्हणाला, लोक घाबरतील, धंद्याचं नाव जाईल, तुम्ही शहाणे माणूस आहात. मग मराठीत टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला, आणि त्याच्याबरोबर शाईचं पॅड. त्याच्या दप्तरात माझा अंगठाच होता. मी पॅड बाजूला केलं आणि कागद हातात घेतला. मला वाचायला वेळ लागतो. मी बोट ठेवून वाचत होतो आणि तो घड्याळाकडे बघत होता. मला सदर आजार कंपनीत कामास लागण्यापूर्वीपासून आहे. माझ्या कामाचा व सदर आजाराचा कोणताही संबंध नाही. माझी कोणतीही तक्रार नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. संतापाने अक्षरं हलत होती. तिने पुठ्ठ्यावर काढून दिलेली तीच अक्षरं ह्या माणसाने ह्या कामाला लावली होती.

"साहेब, तुमची मी कॉलर धरणार न्हाई," मी म्हणालो. "पेन द्या."

त्याला वाटलं सही करतोय. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसलो. हात कडक झाले होते, एकेक ओळ वर चढत होती. ताप सदुसष्ट साली आला, तेव्हा मी भरणीत होतो. कॅप्सूल चार दिवस घेतल्या, ती माझी चूक. फुटका माल घरी नेला आणि वाटला, ती माझी चूक, आणि नेऊ दिला ती तुमची. पावडर आमच्या पोटात जाते हे तुम्हाला माहीत आहे, तुमचे साहेब खात्यात येताना दोन फडकी बांधतात. माझ्या हातचं खाऊन माझी मुलगी मरणाच्या दारात गेली. सतरा माणसांना तपासा. त्यांच्या घरी मुलं आहेत. खाली नाव काढलं. तो म्हणाला, ह्याचा परिणाम काय होईल समजतंय का. मी म्हणालो, समजतंय. बाहेर नळावर साहेबराव हात धुवत होता. त्याच्या शेजारी उभा राहून मी त्याला सगळं सांगितलं, लाडवासकट. त्याने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं आणि तो कोपरापर्यंत हात घासत राहिला, नखं घासत राहिला, आणि मग म्हणाला, "माझी धाकटी बी तापलीय परवापास्नं."

मी त्याला हाताला धरून, म्हणजे धरणार होतो, पण धरलं नाही, नुसता पुढे चालू लागलो आणि तो मागे आला. आम्ही तसेच त्याच्या घरी गेलो, पोरीला उचलून डॉक्टरबाईंकडे नेलं. वाटेत त्याने मला विचारलं, डब्यातल्या दोन दिल्यात तिला, चालेल न्हवं? मी त्याच्यावर ओरडलो. भर रस्त्यात, आईबहिणीवरून. तो मान खाली घालून चालत राहिला.

आज नव्या गोळीचा चौदावा दिवस. वासंती सकाळपासून उठून फिरते आहे, केस विंचरून घेतलेत, वर्गाची हजेरीवही मागवून घेतली आहे. आता मला काही होत नाही, ती म्हणते, शेवटच्या दोन गोळ्या राहू देत, कुणाला तरी उपयोगी पडतील. माझ्याच घरातलं बोलणं, माझ्याच पोरीच्या तोंडून. मी गोळ्यांची बाटली घेऊन तिच्यासमोर बसलो. तिने सवयीने हात पसरला, शनिवारी दारात पसरायची तसा. बाटलीचं टोपण कलतं करून त्यात मी गोळी पाडली, आणि माझं बोट कुठे लागणार नाही असं बघून ती टोपणातून तिच्या तळहातावर सोडली. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. तिला सगळं सांगून झालं आहे, तरीही ती हात मागे घेईना.

"कडू आहे का, बाबा?"

"आहे. गीळ."

तिने गिळली. मी तिला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करून दाखवायला लावलं. मग आम्ही दोघं संध्याकाळच्या गोळीची वाट बघत बसलो.